बुजवलेल्या तलावाचा पाणकर

सुधारनगरातल्या बाया चिंधूला येताना पाहिलं की दार लोटून घेत. तो कुणाला त्रास देत नसे. सकाळी सहाला नगरपालिकेच्या नळाचा व्हॉल्व उघडायचा आणि आठला बंद करायचा, एवढंच त्याचं काम. पण व्हॉल्व उघडून झाला की तो हातातली बांबूची काठी एखाद्या घराच्या भिंतीला लावून उभी करी. काठीवर विळ्यानं पाडलेल्या खाचा होत्या. भिंतीला ओल जिथवर चढली असेल तिथं तो बोट ठेवी, खाच बघे आणि पुढच्या घराकडे वळे. पावसाळ्यात एखाद्या घरवाल्याला सांगे, तांदळाची पोती परवाच्या आत उंचावर घ्या. परवा त्या घरात जमिनीतून पाणी पाझरे. त्याचा अंदाज चुकत नसे, आणि लोक त्याला भीत ते त्यामुळेच.

चिंधूला त्या घरांशी काही देणंघेणं नव्हतं. तो पाण्याची पातळी बघत होता. बुजवलेल्या तलावाची.

मोहघाट हे वैनगंगेपासून दोन कोसांवरचं विणकरांचं गाव. गावाच्या उत्तरेला डोंगातलाव होता. मालगुजारांच्या काळात बांधलेला, अर्ध्या मैलाच्या मातीच्या पाळीचा. पाळीच्या पोटाशी दगडी तुडूम होता, म्हणजे तलावाचं पाणी सोडायची जागा. एकावर एक अशी पाच भोकं, प्रत्येकाला सागाचा डट्टा. वरचा डट्टा काढला की वरचं पाणी पाटानं खाली धानाच्या बांध्यांत जाई. पाणी उतरलं की त्याच्या खालचा काढायचा. हे काम चिंधूच्या घराकडे तीन पिढ्या होतं. मालगुजारी गेली, तलाव नगरपालिकेकडे आला, तेव्हा चिंधूही तलावाबरोबर नगरपालिकेकडे आला. रोजंदारीवर.

पाणी मोजायचं ते भोकांनी, तळापासून. रस्त्यात कुणीही विचारावं, पानी किती हाय गा, पानकर? आणि चिंधूनं न थांबता सांगावं, चार भोकं, किंवा दिवाळीनंतर, साडेतीन. त्या उत्तरावर शेतकरी उन्हाळी पीक घ्यायचं की नाही ते ठरवी.

तळाचं पहिलं भोक मात्र कधी उघडायचं नसे. ते पाणी कोष्टीपुऱ्याचं, म्हणजे पाळीखालच्या विणकरांच्या वस्तीचं. गावातल्या विहिरी जड पाण्याच्या. त्यात सूत रंगवलं तर दोन धुण्यांत फिकं पडे. तलावाचं पाणी मऊ. लुगड्याच्या काठाला जो लाल रंग लागे तो रंगवण्यात शेवंताबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ती पाणी घेई ते तलावाच्या घाटावरूनच. नवरा गेल्यावर तिनं रंगाची भट्टी एकटीनं चालवली होती. पहिल्या भोकाचं पाणी राखायचं, त्याच्या बदल्यात कोष्टीपुरा पाणकराला सूत देई. डट्टा भोकात घट्ट बसायला त्याला सूत गुंडाळावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चिंधू डट्ट्यांसाठी सूत घ्यायला कोष्टीपुऱ्यात जाई आणि पहिली लडी शेवंताबाईच्या ओसरीवर घेई. ती म्हणे, घट्ट गुंडाळ गा, माझा रंग चालला वाहून. दर वर्षी हेच म्हणे. तोही दर वर्षी हसे.

शहात्तर सालच्या माघात नगरपालिकेचा शिपाई निरोप घेऊन आला. तीन आठवड्यांनी ओव्हरसीअर तलाव बघायला येणार, तलावाची सुधारणा व्हायची आहे.

चिंधू या निरोपाची दहा वर्षं वाट बघत होता. तुडुमाच्या तळाचे दोन दगड सुटले होते, गाळ कंबरभर चढला होता. प्रत्येक मुख्याधिकाऱ्याला त्यानं ते सांगितलं होतं आणि प्रत्येकानं बघू म्हटलं होतं. आता तुडूम दुरुस्त करायचा तर गवंड्याला तळ दिसला पाहिजे, आणि तळ दिसायचा तर पाणी काढलं पाहिजे. त्याच्या बापानं असंच केलं होतं, आजानंही. सुधारणा या शब्दाचा पाणकराच्या घरात दुसरा अर्थ नव्हता. त्यानं कुणाला विचारलं नाही. तिसरा डट्टा काढला, मग दुसरा, आणि चौथ्या दिवशी पहिला. पहिल्याच्या वेळी त्याचा हात थांबला. पण दगड सुटले होते ते त्याच भोकाखालचे.

तळाशी राहिलेल्या चिखलात सगळं गाव मासे धरायला उतरलं. कोष्टीपुऱ्यातही चार दिवस माशाचा रस्सा शिजला. तलाव का उतरला, असं कुणी विचारलं नाही. शेवंताबाईनं विचारलं. चिंधू म्हणाला, दुरुस्ती हाय बाई, पावसात भरन पुन्हा, आधीहून जास्त. ती म्हणाली, भरन तं बरं.

ओव्हरसीअर आला तेव्हा तलावाला भेगा पडल्या होत्या. चिंधूनं तुडूम झाडून ठेवला होता. पाच डट्टे ओळीनं पाळीवर मांडले होते. ओव्हरसीअर तुडुमापाशी गेलाच नाही. पाळीवर उभा राहून त्यानं दोन जणांकडून साखळी धरवली, लांबी-रुंदी लिहून घेतली, आणि विचारलं, किती दिवसांपासून कोरडा आहे? चिंधू दगडांबद्दल सांगू लागला. ओव्हरसीअरनं त्याचं बोलणं मध्येच थांबवून वहीत काहीतरी लिहिलं आणि तो जीपमध्ये बसला. चिंधू डट्टे घरी घेऊन गेला. गवंडी आला की लागतील म्हणून आढ्यावर ठेवले.

गवंडी आला नाही. चैत्रात नगरपालिकेच्या दारावर एक नकाशा लागला. त्यात डोंगातलावाच्या जागी एकशे चाळीस चौकोन होते, मधून रस्ते, एका कोपऱ्यात बाजार ओटे. वर लिहिलं होतं, शहर सुधार योजना. हरकती असल्यास साठ दिवसांत कळवाव्यात.

योजना वाईट हेतूची होती असं म्हणता येणार नाही. अध्यक्ष भैय्यालाल कापडाचे व्यापारी, गावात मान असलेले. भाड्याच्या खोल्यांत राहणारे मास्तर, कंपाउंडर, कारकून त्यांच्याकडे प्लॉटसाठी खेटे घालत होते. बाजार रस्त्यावर भरे. तलावाच्या एका कडेला गावाची घाण पडे, डास होत. सरकारकडून पैसा त्या वर्षी मिळणार होता, पुढच्या वर्षीचं सांगता येत नव्हतं. नकाशा बघून लोक खूश झाले.

हरकत आली ती कोष्टीपुऱ्यातून. त्रेसष्ट अंगठ्यांचा एक अर्ज. त्यात तीन गोष्टी होत्या. तलाव बुजला तर कोष्टीपुऱ्यातल्या विहिरी उन्हाळ्यात आटतील. रंगाला पाणी राहणार नाही. आणि तिसरी, तलावात येणारं रानाचं पाणी पावसाळ्यात कुठं जाईल, ते योजनेत लिहिलेलं नाही.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली, दुपारी. कोष्टीपुऱ्याच्या वतीनं शेवंताबाई उभी राहिली. तिनं सांगितलं की बहात्तरच्या दुष्काळात, जेव्हा गावातल्या सगळ्या विहिरी गेल्या, तेव्हाही या तलावात तिच्या कमरेएवढं पाणी होतं. मुख्याधिकाऱ्यानं पाहणीचा अहवाल वाचून दाखवला. फेब्रुवारीत तलाव पूर्ण कोरडा. पाणी धरत नाही. सभागृहात कुणीतरी म्हणालं, बाईच्या कमरेचा भरोसा काय. हशा झाला. शेवंताबाई हसणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "चिंधूनं सोडलं पानी. दुरुस्तीसाठी म्हनून. इचारा त्याले, बसला हाय थो मागं."

भैय्यालालांनी चिंधूला उभं केलं. मुख्याधिकाऱ्यानं आधीच सांगून ठेवलं, आदेशाशिवाय पाणी सोडलं असेल तर तो नगरपालिकेच्या मालमत्तेचा नाश आहे, पोलिसांत द्यावं लागेल. त्याच महिन्यात रोजंदारीवरच्या चौघांना कायम करायचं होतं आणि त्या चौघांत चिंधू होता. हे सभागृहात कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

"सांग गा," भैय्यालाल म्हणाले, "तू सोडलं का पानी?"

चिंधूनं शेवंताबाईकडे पाहिलं नाही. म्हणाला, "म्या नाई सोडलं, मालक. तुडूम गळका हाय. आपोआप गेलं."

त्या दुपारच्या ठरावात हे वाक्य उतरलं आहे. पाणकराच्या सांगण्यावरून तुडूम गळका असून तलाव निरुपयोगी झाल्याची खात्री झाली, सबब हरकत फेटाळण्यात येते. चिंधूनं एवढंच म्हटलं नसतं तर तलाव वाचला असता, असं नाही. नकाशा छापून झाला होता. पण चिंधू असा विचार करू शकत नसे. त्याच्या डोक्यात तलाव त्याच्या एका वाक्यानं बुजला होता, आणि सगळ्यांसमोर खोटी ठरली होती ती शेवंताबाई.

पुढच्या उन्हाळ्यात मुरमाचे ट्रक आले. तळाची दोन भोकं बुजतील एवढा भराव झाला आणि त्यावर सुधारनगर वसलं. पाळ तशीच ठेवून तिच्यावर डांबरी रस्ता केला. रस्ता रुंद करताना तुडुमावरही मुरूम ओतला. खालच्या पाटाला पाणी राहिलं नाही म्हणून त्याच्या काठाला कोष्टीपुऱ्यातल्या वाढत्या घरांनी झोपड्या टाकल्या. चिंधू कायम झाला. नळयोजना आली तेव्हा सुधारनगरचा व्हॉल्व त्याच्याकडे दिला, कारण तो पाण्याचा माणूस होता.

तिसऱ्या उन्हाळ्यात कोष्टीपुऱ्याच्या विहिरी आटल्या. शेवंताबाई काही दिवस सुताचं ओझं बैलगाडीनं नदीवर नेत राहिली. मग तिनं भट्टी मोडली आणि गिरणीत रंगवलेलं सूत विणणाऱ्यांसाठी घरी रहाटावर कांड्या भरू लागली. चिंधूशी ती भांडली नाही. व्हॉल्व उघडायला जाताना त्याचा रस्ता तिच्या दारावरून होता. ती ओसरीवर बसलेली असे, रहाट न थांबवता विचारी:

"पानी किती हाय गा, पानकर?"

रोज विचारी. आवाजात राग नसे, कधीकाळी सगळं गाव विचारायचं तसंच विचारी. चिंधू मान खाली घालून पुढं जाई. त्यानं एकदा दुसऱ्या रस्त्यानं जाऊन पाहिलं. त्या दिवशी त्याला दिवसभर तो प्रश्न ऐकू येत राहिला, म्हणून दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा तिच्याच दारावरून जाऊ लागला.

तुडूमही त्याला ऐकू येई. भोक उघडलं की जुना तुडूम घुमायचा, मोठ्या रांजणात कुणी बोलावं तसा. पाऊस लागला की रस्त्याच्या पोटातून तो आवाज येतो, असं चिंधू म्हणे. बेबीबाई, त्याची बायको, म्हणे की राइस मिल चालू आहे. राइस मिल बंद असली तरी म्हणे. दर दिवाळीला सारवताना तिच्या हाताला आढ्यावरचे पाच डट्टे लागत. ती ते पुसून होते तिथंच ठेवी. ते इथं का आहेत हे तिनं कधी विचारलं नाही, चिंधूनं कधी सांगितलं नाही. गळक्या तुडुमातून तलाव आपोआप रिकामा झाला असता तर डट्टे भोकांतच राहिले असते. ही गोष्ट कळायला शाळा लागत नाही.

तोवर सुधारनगरच्या भिंतींना ओल चढू लागली होती. पोपडे निघत, पुन्हा चुना लागे, पुन्हा ओल त्याच रेघेवर येई. धनीराम मास्तरांनी प्लॉट घेऊन घर बांधलं होतं. त्यांनी पहिल्यांदा चिंधूला काठी लावताना हटकलं. चिंधूनं त्यांना काठी दाखवली, तुडुमाच्या एका भोकाला एक खाच. खालच्या दोन खाचा जमिनीत धरा, म्हणाला, वल तिसऱ्यावर हाय. मास्तर सुशिक्षित, त्यांनी ते थट्टेवारी नेलं. पण त्या पावसाळ्यात त्यांनी पुस्तकांची पेटी खाटेवर ठेवली.

चौऱ्याऐंशीच्या श्रावणात तीन दिवस पाऊस थांबला नाही. रानाचं पाणी जिथं शे-दीडशे वर्षं येत होतं तिथंच आलं. चौथ्या दिवशी सकाळी सुधारनगरात मांडीभर पाणी होतं आणि ते चढत होतं. पाळीवरचा रस्ता फोडावा तर खाली कोष्टीपुरा. भैय्यालाल छत्री घेऊन रस्त्यावर उभे होते. ते आता अध्यक्ष नव्हते, पण लोकांनी त्यांनाच बोलावलं होतं. धनीराम मास्तर भिजत आले आणि म्हणाले, जुनी मोरी होती ना इथं कुठंतरी? चिंधूले इचारा.

चिंधूला शोधावं लागलं नाही. तो रस्त्याच्या कडेला एका जागी उभा होता. सात वर्षांत तिथं गवत आणि तरोट्याचं झुडूप उगवलं होतं. त्यानं काठी टोचली आणि म्हणाला, इथं खना.

वीस माणसं लागली. दोन तासांनी वरचा दगड लागला, मग पाचवं भोक, मग चौथं. चिंधूनं सांगितलं होतं की तिसऱ्यापाशी थांबा. पण भिजलेला मुरूम थांबला नाही. तो खचला आणि खालची भोकं एकदम मोकळी झाली. पाणी आत ओढलं गेलं आणि तुडूम घुमला. रस्त्यावरच्या सगळ्यांनी ऐकला.  सात वर्षं चिंधू एकटाच हे ऐकत होता.

पाण्याचा जोर फार होता. खालच्या पाटाकाठी झोपड्या होत्या, तिकडून ओरडा आला. खालची दोन भोकं बंद करून तिसऱ्यानं पाणी सोडलं तरच ते पाटात मावणार होतं. मास्तर म्हणाले, पोती कोंबा. पोती वाहून गेली. भैय्यालाल भोकांकडे बघत होते. तेही कोष्ट्याच्याच घरातले, तलावाकाठी वाढलेले.

"याचे डट्टे कुठं गेले गा?" त्यांनी विचारलं.

चिंधू घरी गेला. बेबीबाईनं डट्टे आधीच आढ्यावरून काढून दारात ठेवले होते.

त्यानं एक डट्टा हातात फिरवून पाहिला आणि त्याच्या लक्षात आलं. आठ वर्षं चुलीच्या धुरावर सुकून लाकूड आक्रसलं होतं. भिजून फुगायला दोन दिवस लागतील. तोवर बसायचे असतील तर सूत हवं, बोटभर जाड. डट्टे काखेत धरून तो कोष्टीपुऱ्यात गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जात असे तसा, त्याच घरी.

शेवंताबाई ओसरीवर उभी होती. तिच्या दारापुढून पाटाचं पाणी वाहत होतं. तिनं चिंधूकडे पाहिलं, मग काखेतल्या लाकडांकडे. बोटानं मोजले. पाचही होते.  पाणी दाराच्या पायरीला लागलं होतं.

"पानी किती हाय गा, पानकर?"

"तीन भोकं होतं, बाई," चिंधू म्हणाला. "तलाव मोजाले साहेब येयाच्या आधी तीन भोकं होतं. म्या सोडलं. पह्यलंबी म्याच सोडलं."

शेवंताबाई आत गेली. चिंधूला वाटलं दार लागेल. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लाल सुताच्या दोन लडी होत्या. भट्टी मोडली तेव्हाच्या, विकायच्या राहिलेल्या. तिनं त्या त्याच्या हातात दिल्या नाहीत. डट्टा त्याच्या काखेतून ओढून घेतला, ओसरीवर बसली आणि स्वतः गुंडाळू लागली. दात ओठात रुतवून, प्रत्येक फेरा ताणून. पहिला झाला, तो त्याच्यापुढं टाकला. दुसरा घेतला. घट्ट गुंडाळ, असं त्या दिवशी कुणाला म्हणावं लागलं नाही.

चिंधू कमरेला दोर बांधून उतरला आणि खालचे दोन डट्टे बसवले. पाणी तिसऱ्या भोकानं दीड दिवस गेलं. पाटाकाठच्या दोन झोपड्या पडल्या, माणूस गेलं नाही. नंतर नगरपालिकेनं तुडुमाच्या जागी सिमेंटचा पाइप टाकला आणि पंचनामा केला. दगडी मोरी सापडली, सुस्थितीत, असं त्यात लिहिलं आहे. गळकी होती की नाही, हे कुणी विचारलं नाही. शहात्तरचा ठराव आहे तसाच आहे. पाइप टाकताना डट्टे काढले, तेव्हा त्यांच्यावरचं सूत लालच होतं.

चिंधू अठ्ठ्याऐंशीत निवृत्त झाला. तोवर रोज सकाळी तो शेवंताबाईच्या दारावरून व्हॉल्वकडे जात राहिला. ती ओसरीवर असे, रहाट चालू असे. तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. चिंधू तिच्या दारापुढं आला की चाल हळू करी, क्षणभर थांबे, आणि मग पुढं जाई.